बदलीवर

सकाळी भोंगा व्हायच्या आधी आमच्या चाळीतून दोन प्रकारची माणसं बाहेर पडायची. कायम आणि बदली. कायमवाला डबा घेऊन सरळ गेटातून आत. बदलीवाला कार्ड खिशात घालून खात्याच्या दाराशी उभा. आज कोण आजारी, कोण गावी गेलाय, कोणाची रात्रीची अजून उतरलेली नाही, हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, तोंडून कळेपर्यंत त्याला काम आहे की नाही ते ठरत नसे. जागा रिकामी निघाली की पाळी मिळाली. नाहीतर भरलेला डबा तसाच घरी. आमचे आप्पा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, अकरा वर्षं बदली होते. परत आलेल्या डब्यातली भाजी आम्ही भावंडं दुपारी खायचो, आणि त्या दिवशी घरात कोणी फार बोलायचं नाही.

मी गिटार वाजवतो. १९९१ पासून आजवर नऊ बँडांत वाजवली. इंग्रजी रॉक, हिंदी ऑर्केस्ट्रा, मेटल, गोव्यातली लग्नं, मराठी लोकगीतांचा बँड, मधेमधे स्टुडिओ. यांतला एकही बँड मी काढलेला नाही. प्रत्येक ठिकाणी माझ्याआधी कोणीतरी होता; तो गेला आणि त्याच्या जागी मी उभा राहिलो. लोक मला 'व्हर्सटाइल' म्हणतात. घरात आम्ही त्याला बदली म्हणतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो नुसता विरत गेला. जिथे कायमवाल्यांच्या नोकऱ्या बुडाल्या तिथे बदलीवाल्याला कोण विचारणार? आप्पांनी आधी नाक्यावर कांदेबटाटे विकले, मग एका इमारतीत वॉचमन झाले. मला आठवतं ते इतकंच, की भोंगा थांबल्यावर सकाळी किती वाजले ते कळेनासं झालं.

गिटार हातात आली ती गणपतीत. मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला माझगावच्या एका कुडीतून एक गोवेकर अंकल यायचे. कूड म्हणजे गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेलं सामायिक बिऱ्हाड: एका भिंतीशी ट्रंका, एका कोपऱ्यात अल्तार आणि मधे माणसं. अंकल एके काळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. मी मांडवात त्यांच्या वायरी गुंडाळायचो. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला बाजूला बसवलं. त्यांची शिकवण एका ओळीत संपायची: "पयलीं कान, मागीर हात." मी हात पुढे केला की ते तारांवर पंजा ठेवून त्या बंद करायचे. आधी गाऊन दाखव, मग वाजव. स्टाफ नोटेशन त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "वाचता आलं तर दुसऱ्याच्या जागी बसता येतं." त्यांना माझ्या वडलांचं काम ठाऊक नव्हतं.

पहिली गिटार कोलकात्याची गिव्हसन, तीही दुसऱ्याची वापरलेली. तारा पट्टीपासून इतक्या वर, की बार कॉर्ड धरली की तर्जनीवर चर उमटायची. धडे घ्यायचे ते कॅसेटवरून. त्यातली गंमत अशी की प्रत्येक टेपरेकॉर्डरचा वेग वेगळा, आणि बॅटरी उतरत आली की अख्खं गाणं अर्ध्या सुरानं खाली यायचं. म्हणून आम्ही कॅसेट लावून आधी गिटार तिच्याशी जुळवायचो. पुढे आयुष्यभर तेच केलं. समोरचा जिथे असेल तिथे जाऊन जुळायचं.

पहिला बँड मिळाला तो व्हिसामुळे. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईत चांगला गिटारिस्ट एक तर एम.एस. करायला अमेरिकेला जायचा, नाहीतर लग्न होऊन बँकेत चिकटायचा. वांद्र्याच्या एका बँडचा गिटारिस्ट पहिल्या कारणानं गेला आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. कोणीतरी माझं नाव सुचवलं. ती मुलं आपापसात इंग्रजीत बोलायची. मी गाण्यांचे शब्द देवनागरीत लिहून पाठ केले होते. 'स्मोक ऑन द वॉटर' मधला धूर आणि पाणी कळत होतं, बाकीचं कळायला वर्षं गेली. त्यांच्याकडे बाहेरून आणलेल्या गिटारी. माझी गिव्हसन बघून ड्रमर हसला, पण वाईट नाही हसला.

त्या बँडबरोबर मी रंगभवनला वाजवलं. झेवियर्सच्या शेजारी, धोबीतलावचं ते उघडं थिएटर. १९८६ पासून तिथे 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव भरायचा. पावसाळ्यातला महिना, वर आभाळ, खाली काळ्या टी-शर्टांचा चिखल. आवडलं नाही की पब्लिक लगेच सांगायचं आणि भाषा सभ्य नसायची. आम्ही चार गाणी वाजवली, चारही दुसऱ्यांची. तेव्हा जवळजवळ सगळेच दुसऱ्यांची वाजवायचे. स्वतःची गाणी करून टिकलेला बँड रॉक मशीन, ज्याचं पुढे इंडस क्रीड झालं, आमच्यासाठी अपवाद होता. मी गेलेल्या गिटारिस्टचे सोलो स्वरास स्वर वाजवले. शेवटच्या गाण्यानंतर पुढच्या रांगेतून एकानं हाक मारली, ती त्या अमेरिकेला गेलेल्या मुलाच्या नावानं. मी हात वर केला. काय करणार?

आता तिथे गाणं होत नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, कोर्ट आणि शाळा-कॉलेजांभोवतीचा १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या आजूबाजूला कॉलेज आणि हॉस्पिटलं सगळंच आहे. गिरणी जशी एका दिवसात बंद झाली नाही, तसंच हेही. आधी एक कार्यक्रम रद्द, मग दुसरा, मग कुलूप.

रंगभवनच्या त्या दिवसांत एक गोष्ट वाचनात आली, तिनं मला धीर दिला. १९९३ च्या शेवटी गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर दौरा अर्ध्यावर टाकून डीप पर्पल बँडमधून निघून गेला. पुढच्या तारखा ठरलेल्या, तिकिटं विकलेली. मग गिटारिस्ट जो सॅट्रियानी बदलीवर आला. एवढा मोठा वादक, स्वतःच्या नावावर चालणारा. त्यानं राहिलेल्या तारखा निभावल्या आणि कायम व्हायला नकार दिला. १९९४ ला स्टीव्ह मोर्स आला. तो २०२२ पर्यंत राहिला, म्हणजे ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त वर्षं. तरीही लोक अजून 'ब्लॅकमोरची जागा' असंच म्हणतात. आणि आप्पांचा संप सुरू झाला त्याच १९८२ च्या मार्चमध्ये ऑझी ऑस्बोर्नचा गिटारिस्ट रँडी ऱ्होड्स दौऱ्यावर असताना विमान अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. थोड्याच दिवसांत बर्नी टॉर्मे त्याच्या जागी उभा राहिला, त्याच्यानंतर ब्रॅड गिलिस. मी टॉर्मेचा विचार खूप करतो. समोर हजारो माणसं रडवेली, आपल्याला गाणी पुरती बसलेली नाहीत, आणि आपण जो नाही त्याची सगळे वाट बघतायत. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भोंगा झाला की साचा चालू व्हायलाच लागतो. त्याच्यावर कोणाचं नाव आहे ते कापडाला कळत नाही."

दुसरी बदली ऑर्केस्ट्रात. तिथला गिटारिस्ट दुबईच्या हॉटेलात लागला. रॉकवाल्या मित्रांना वाटलं मी खाली उतरलो. मला वाटलं निदान नाइट, म्हणजे रात्रीचे ठरलेले पैसे, मिळेल. रॉकमध्ये तर पेट्रोलचे पैसे आपणच भरायचो. गणपती ते कोजागिरी टेम्पोमागे टेम्पो. सांगली, कोल्हापूर, चिपळूण, स्पीकरच्या खोक्यांवर झोप. पहिल्याच तालमीत गायिका माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, काळी एक." मी गप्प. की-बोर्डवाल्यानं कानात सांगितलं, सी शार्प.

आपल्याकडे सूर सांगतात तो पेटीच्या पट्ट्यांवरून. रॉकच्या पोराला पांढरी तीन, म्हणजे ई, आणि पांढरी सहा, म्हणजे ए, एवढंच घर माहीत. कारण गिटारच्या मोकळ्या तारा तिथे वाजतात आणि अर्धं रॉक त्या मोकळ्या तारांच्या जोरावर उभं आहे. काळी एकमध्ये एकही मोकळी तार कामाची नाही. मग चौथ्या पडद्यावर कॅपो लावायचा, ए चा आकार धरायचा आणि गायिकेला पाहिजे तिथे जाऊन बसायचं. पुढचं गाणं पांढरी चार. कॅपो काढा. त्यानंतरचं काळी दोन. तीन तासांत तीस गाणी, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीचा तुकडा लोकांना तोंडपाठ. 'दम मारो दम' ची सुरुवात चुकली तर चिपळूणची आजीसुद्धा मान हलवते. १९७१ ची ती गिटार भूपिंदर सिंगांची, पुढे सारा देश ज्यांना गझलगायक म्हणून ओळखू लागला. मी ती तीनशे वेळा तरी वाजवली असेन. एखाद्या माणसाच्या हाताला आपण कधी भेटत नाही, पण तीनशे रात्री त्याच्या बोटांत बोटं घालतो, हे नातं कोणतं ते मला अजून सांगता येत नाही.

ऑर्केस्ट्रानं मला पडायचं कसं तेही शिकवलं. कऱ्हाडला भर गाण्यात माझी तार तुटली. रॉकमध्ये मी थांबलो असतो, गिटार हवेत उंचावली असती, टाळ्या घेतल्या असत्या. इथे गायिका मुखड्यावर यायला दोन मात्रा होत्या. उरलेल्या पाच तारांवर तोच तुकडा वेगळ्या जागी वाजवला. समोर कोणाला कळलं नाही. बेसवाल्यानं फक्त एकदा बघितलं. ती माझी तोवरची सगळ्यात मोठी दाद.

मेटल बँडमध्ये मी नव्वदीच्या शेवटी लागलो. त्यांच्या दोन गिटारिस्टांत भांडण झालं होतं; कशावरून ते मला पाच वर्षांत कळलं नाही. मी उरलेल्याच्या बाजूला उभा राहिलो. जुहूच्या रॅझबेरी ऱ्हिनोसेरसमध्ये वाजवायचो तेव्हा मागे समुद्र आहे हे विसरायला व्हायचं. मेटल म्हणजे आरडाओरडा असं ज्याला वाटतं त्यानं दोन गिटारी एकत्र वाजवून बघाव्यात. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा, आणि दोन माणसांचे सोळा-सोळा फटके एका माणसाचे वाटले पाहिजेत. केसभर पुढेमागे झालं तर भिंतीत भेग दिसते. मी सहा महिने घरी गिटार बंद ठेवून, नुसत्या मनगटानं, मेट्रोनोमवर वाजवलं. आई म्हणाली, "आप्पा साच्यावरून आले की झोपेत असाच हात हलवायचे."

तिथेच एक गोष्ट हाताला कळली, डोक्याला नंतर. डिस्टॉर्शन लावून पूर्ण कॉर्ड वाजवली तर तिचा विचका होतो. म्हणून रॉकमध्ये मधला गंधार काढून टाकतात. उरतो फक्त षड्ज आणि पंचम. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. सात-आठ वर्षांनी पुण्याच्या एका लोकगीतांच्या बँडमध्ये बदलीवर गेलो तेव्हा पहिला प्रश्न तोच आला. संबळ आहे, ढोलकी आहे, गाणारा गोंधळी घराण्यातला, गंधार कधी कोमल लावतो कधी शुद्ध, एकाच ओळीत दोन्ही. आधीच्या गिटारिस्टनं पुस्तकातल्या सुरेख कॉर्ड लावल्या होत्या आणि गाणारा प्रत्येक ओळीला अडखळत होता. शेवटी तो गिटारिस्टच कंटाळून गेला. मी मेटलचा सा-प लावला, आवाज थोडा कमी करून. गाणारे बुवा डोळे मिटून गायला लागले. थांबल्यावर म्हणाले, "हां, हा तंबोरा बरा आहे तुमचा." जुहूच्या त्या अंधाऱ्या खोलीतला मोठ्यात मोठा गोंगाट आणि देवघरातला तंबोरा, दोघांच्या तारा त्याच दोन सुरांना लावलेल्या. हे मला कोणत्याही एका बँडमध्ये कायम राहिलो असतो तर सापडलं नसतं.

मधले तीन सीझन गोव्यात गेले. रात्री पंचेचाळीस मिनिटांचे तीन सेट शॅकवर, रविवारी लग्न. लग्नाला ग्रँड मार्च, मग वॉल्ट्झ, मग जाइव्ह आणि रात्र चढली की कोंकणी गाण्यांचा मसाला. तिथला गिटारिस्ट दर सीझनला जहाजावर जायचा, सहा महिन्यांनी परत यायचा. माझ्या सगळ्या बदल्यांमध्ये ही एकच अशी, जिची मुदत आधीपासून माहीत. फार सुखाचे दिवस. नाचणाऱ्या जोडप्याच्या पायांकडे बघून ताल धरायचा असतो, ड्रमरकडे बघून नव्हे, हे तिथे शिकलो. म्हातारं जोडपं फ्लोअरवर आलं की अख्खा बँड न सांगता वॉल्ट्झ जरा हळू करायचा.

हे सगळं गोड झालं. कडूही सांगतो. नऊ बँडांत माझ्या नावावर एक गाणं नाही. स्टुडिओत वाजवलं त्याचे त्या दिवसाचे पैसे मिळाले, पुढे गाणं गाजलं तरी आपला संबंध संपला. एका आयोजकानं सबंध नवरात्राची नाइट बुडवली. आम्ही सहाजण त्याच्या दाराशी उभे होतो, डबे नव्हते एवढंच. आणि एकदा, पन्नाशीच्या जवळ असताना, एका तरुण पोरानं तालमीच्या मध्यात प्रेमानं विचारलं, "सर, आता तुमचं काहीतरी वाजवा ना." मी गिटार उचलली. जे आलं ते आधी भूपिंदर होतं, मग ब्लॅकमोर, मग अंकल. मी मधेच थांबून ट्यूनिंग करत असल्याचं सोंग केलं. त्या रात्री लोकलमध्ये माझ्या मनात आलं, आप्पांनाही कोणी विचारलं असतं, तुमचा साचा कुठला, तर त्यांनी काय दाखवलं असतं?

पण आप्पांचं एक म्हणणं होतं. कायमवाल्याला त्याचे दोन साचे माहीत असतात, बदलीवाल्याला अख्खं खातं. सतरा नंबरचा धोटा डावीकडे ओढतो, तेवीसवर दमट दिवशी धागा तुटतो, एकतीसवाल्यानं चाकात चिंधी बांधलीय ती सोडू नको. दुसऱ्याच्या साच्यावर बसलं की आधी पाच मिनिटं तो कसा चालतो ते नुसतं ऐकायचं, हे त्यांनी मला शिकवलं नाही. मी त्यांच्या गप्पांत ऐकलं. नव्या बँडच्या पहिल्या तालमीत मी अजूनही एक गाणं न वाजवता ऐकतो. पोरांना वाटतं सर आढ्यतेखोर आहेत.

२०२० साली सगळंच बंद पडलं. मार्चपासून एक नाइट नाही. त्या रिकाम्या दिवसांत मी घरातल्या जुन्या कॅसेटी काढल्या: रंगभवन, कऱ्हाड, जुहू, कळंगुट. कोणीतरी प्रेक्षकांत बसून भरलेल्या, अर्ध्यांवर नावही नाही. ओळखीच्या एका रेकॉर्डिस्टनं त्या कॉम्प्युटरवर घेऊन द्यायचं कबूल केलं. आठवड्यानं त्याचा फोन आला तो वैतागूनच. म्हणाला, "तू फार त्रास देतोस यार. गाणं संपलं, ड्रमरनं झांज धरली, गायक थांबला, बेस थांबला, आणि तुझा शेवटचा सूर चालूच. मला गाणं कापताच येत नाही. आणि एका कॅसेटीत नाही, सगळ्यांत. लेबल नसलं तरी तू कुठल्या कॅसेटीत आहेस ते मला शेवटी कळतं."

मी ऐकून बघितलं. खरं होतं. इंग्रजी गाण्यात, लावणीत, वॉल्ट्झमध्ये, सगळे थांबल्यावर मी थांबतो. दोन मात्रा, कधी तीन. हे मी कधी ठरवलं नव्हतं, कोणाचं उचललंही नव्हतं. निदान गिटारवाल्या कोणाचं नव्हतं. आप्पा पाळी सुटली तरी लगेच निघायचे नाहीत. तुटलेले धागे जोडायचे, धोटा कडेला घ्यायचे, मगच साचा बंद. पुढे येणारा कायमवाला त्यांना एका शब्दानं कधी बोलला नाही, चांगलं नाही की वाईट नाही. घरी उशीर होतो म्हणून आई चिडायची. ते म्हणायचे, "दुसऱ्याचा आहे, चालता सोडायला पाहिजे."

आप्पा २००९ ला गेले. त्यांनी मला एकदाच स्टेजवर बघितलं, दादरला, ऑर्केस्ट्रात. कार्यक्रम संपल्यावर मागे आले, माझी बोटं उलटी करून घट्टे बघितले आणि चहा घ्यायला चल म्हणाले.

आता माझ्या डाव्या कानात सतत एक बारीक सूर वाजतो. डॉक्टर म्हणतात इतकी वर्षं ॲम्पसमोर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. मी पेटीवर तपासून बघितला, पांढरी सातच्या आसपास आहे. बायको विचारते, त्रास होतो का? मी सांगतो, भोंगा आहे, सवय आहे.

परवा ठाण्याच्या एका बँडमधून फोन आला. त्यांच्या पोराचा हात फ्रॅक्चर झालाय, सहा आठवडे. पंधरा गाणी आहेत, चार त्यांची स्वतःची. शनिवारी चारला साउंड चेक. मी विचारलं, तुमचा गिटारिस्ट कुठे उभा राहतो, डावीकडे की उजवीकडे? पलीकडून क्षणभर काही उत्तर आलं नाही. मग तो म्हणाला, "डावीकडे. का?" म्हटलं, काही नाही, तिथेच उभा राहीन. आणि गाणी पाठव, वाजवत नाही, आधी ऐकतो.